मधाची बाटली आणि लघवीचा रिपोर्ट

बार्शीहून एका सूनबाईंचं पत्र आलं आहे. थोडं आवरतं घेऊन देते.

‘ताई, माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. बरीच वर्षं मधुमेह आहे, गोळ्या वेळेवर घेतात. मागच्या वर्षी डॉक्टरांनी त्यात डापाग्लिफ्लोझिनची गोळी वाढवली. लघवीची काहीच तक्रार नव्हती, पण दरवर्षीच्या तपासण्यांत लघवीही सांगितली होती. सकाळी साडेसहाला त्यांनी मधाच्या रिकाम्या बाटलीत लघवी दिली. बाटली मी साबणाने धुतली होती. मुलांचे डबे, यांचं ऑफिस, सगळं आवरून लॅबमध्ये पोचायला अकरा वाजले. रिपोर्टमध्ये पस सेल्स १५-२०, एपिथेलियल सेल्स भरपूर, बॅक्टेरिया दोन प्लस आणि साखर चार प्लस! डॉक्टरांनी सात दिवसांचं अँटिबायोटिक दिलं आणि कल्चर करायला सांगितलं. गोळ्या सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी कल्चरला नमुना दिला. डबी लॅबची होती, पण न्यायला तसाच उशीर झाला. आता रिपोर्ट आलाय की तीनपेक्षा जास्त प्रकारच्या जंतूंची मिश्र वाढ आहे, नमुना दूषित असण्याची शक्यता आहे, परत नमुना द्या. यजमान म्हणतात, लॅब बोगस आहे, सोलापूरला जाऊ. सासूबाई म्हणतात, “माझी लघवी घाण आहे हे चारचौघांत सांगू नकोस.” दोन दिवस त्या नीट जेवल्या नाहीत. परत नमुना द्यायचा तर नेमका कसा? लॅबच्या खिडकीवर तरुण मुलगा असतो, त्याला हे कसं विचारू? आणि गोळ्या अजून दोन दिवसांच्या राहिल्यात, त्यांचं काय?’

तुमचं पत्र वाचताना सासूबाईंचं ते वाक्य मनाला लागलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते. आज संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांच्याजवळ बसा आणि सांगा, की रिपोर्टमध्ये जे लिहिलंय ते डबीतल्या नमुन्याबद्दल आहे, तुमच्याबद्दल नाही. लघवीच्या जागेच्या आजूबाजूच्या कातडीवर जंतू असतातच. माझ्या, तुमच्या, नुकत्याच अंघोळ करून आलेल्या माणसाच्याही. त्यातून बायकांची लघवीची नळी जेमतेम चार सेंटिमीटरची, आणि योनीमार्ग व शौचाची जागा अगदी लगत. लघवीची पहिली धार बाहेर पडताना तिथले जंतू सोबत घेऊन येते. ती धार डबीत गेली की जंतूही डबीत गेले. एवढंच झालंय. स्वच्छतेत त्या कुठेही कमी पडलेल्या नाहीत. ‘मधली धार धरा’ हे कोणीतरी त्यांना आधी सांगायला हवं होतं, ते सांगितलं गेलं नाही.

आता यजमानांची शंका. तुमची लॅब बोगस नाही. उलट ‘परत नमुना द्या’ असं लिहिण्याची हिंमत असलेली लॅब आहे, आणि हे मी लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलेली बाई म्हणून सांगते आहे.

कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, आलेल्या नमुन्यात आम्ही टोकाला बारीक कडी असलेली तार बुडवतो. त्या कडीत मोजून एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग लघवी मावते. ती जंतूंचं खाद्य घातलेल्या प्लेटवर पसरायची आणि ३५ ते ३७ अंशांना १८ ते २४ तास उबवायची. दुसऱ्या दिवशी प्लेटवर जितके ठिपके, म्हणजे कॉलनी, उगवतील तितके हजार जंतू एका मिलिलिटरमध्ये धरायचे. शंभर कॉलनी असतील तर एक लाख. हा एक लाखाचा आकडा १९५०च्या दशकात बॉस्टनच्या एडवर्ड कॅस या डॉक्टरांच्या कामातून रूढ झाला. खरा संसर्ग आणि नमुना घेताना बाहेरून आलेले जंतू यांत फरक करायला काहीतरी मोजमाप हवं होतं, ते त्यांनी दिलं. अर्थात ती काळ्या दगडावरची रेघ नव्हे. लघवीला जळजळ होत असलेल्या बाईच्या नमुन्यात त्याहून कमी जंतू असले तरी ते खरे असू शकतात.

खऱ्या संसर्गात प्लेटवर बहुतेक वेळा एकाच जातीच्या कॉलनी दिसतात. ई-कोलाय हा आतड्यात राहणारा जंतू असला तर मॅकॉन्की नावाच्या खाद्याची प्लेट गुलाबी कॉलन्यांनी भरून जाते आणि प्लेट हातात घेतल्या घेतल्या कळतं. तुमच्या सासूबाईंच्या प्लेटवर काही गुलाबी, काही पांढुरक्या, काही जेमतेम दिसणाऱ्या अशा वेगवेगळ्या कॉलनी शेजारीशेजारी उगवल्या असणार. अशी प्लेट समोर आली की काम करणाऱ्यापुढे दोन रस्ते असतात. पहिला रस्ता म्हणजे त्यातली एक कॉलनी उचलायची, तिच्यावर औषधांच्या चकत्या लावायच्या आणि कोणतं अँटिबायोटिक चालेल याची लांबलचक यादी छापून द्यायची. गिऱ्हाईकही खूश, कारण पैसे देऊन पानभर रिपोर्ट हाती आला. मग त्या यादीवरून नसलेल्या आजाराला महागडी इंजेक्शनं सुरू होतात. दुसरा रस्ता म्हणजे खरं ते लिहायचं आणि खिडकीवर बोलणी खायची. तुमच्या लॅबने दुसरा रस्ता धरला. सोलापूरला जाऊ नका. तिथेही डबीत हेच गेलं तर प्लेटवर हेच उगवेल.

लॅबची चूक झाली ती आधी. साडेचार तासांपूर्वीची लघवी मधाच्या बाटलीतून आली, तेव्हा खिडकीवरच ‘ही किती वाजताची?’ असं विचारून स्वच्छ डबी हातात द्यायला हवी होती. तेवढं त्यांना सांगाच. परत तपासणीच्या पैशांतही सवलत मागून बघा, मागण्यात काही गैर नाही.

वेळेचं महत्त्व आपल्याकडे फार कमी लोकांना सांगितलं जातं. सोलापूर जिल्ह्यातल्या उन्हाळ्यात दुपारी ओट्यावर उघडं ठेवलेलं दूध जसं नासतं, तशीच लघवीही बदलत जाते. त्यातले जंतू वाढत राहतात, ई-कोलायला मनाजोगं वातावरण मिळालं तर वीस-वीस मिनिटांत तो दुप्पट होतो. युरियाचा अमोनिया होतो, लघवी अल्कधर्मी बनते आणि मग पेशी विरघळायला लागतात. कास्ट म्हणून मूत्रपिंडातल्या नलिकांच्या आकाराचे बारीक साचे असतात, मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांना त्यांच्यावरून फार कळतं. शिळ्या लघवीत तेही विरून जातात. लघवीत बुडवून बघायच्या पट्टीवरची नायट्राइट ही जंतूंची खूण मात्र डबीत वाढलेल्या जंतूंमुळेच खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणजे असलेलं दिसत नाही आणि नसलेलं दिसतं. म्हणून लघवी दोन तासांच्या आत तपासली गेली पाहिजे. ते जमणार नसेल तर डबी घट्ट बंद करून, पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको. कल्चरचा नमुना २ ते ८ अंशांना असा २४ तास टिकतो. काही लॅब बोरिक अ‍ॅसिडची पावडर घातलेली नळी देतात, ती जंतूंची वाढ रोखून धरते. तशी नळी मिळाली तर ती पावडर धुऊन टाकू नका (लोक टाकतात!) आणि खुणेच्या रेघेपर्यंत भरा.

म्हणून तुमच्या पहिल्या रिपोर्टातल्या ‘बॅक्टेरिया दोन प्लस’ला मी काहीच किंमत देणार नाही. आता पस सेल्स, म्हणजे पुवातल्या पांढऱ्या पेशी. लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाशी बसलेल्या गाळाचा थेंब काचपट्टीवर घेतात आणि सूक्ष्मदर्शकाच्या ४० पटींच्या भिंगाखाली बघतात. एका नजरेत मावणाऱ्या तेवढ्या भागात साधारण पाचपर्यंत पस सेल्स असल्या तर चालतं. तुमच्याकडे १५-२० होत्या. पण त्याच भागात मोठ्या, चपट्या, कोनाकोनाच्या, मधोमध लहानसं केंद्रक असलेल्या पेशींचा खच पडलेला होता. त्या स्क्वेमस एपिथेलियल पेशी मूत्राशयातून येत नाहीत, बाहेरच्या कातडीवरून आणि योनीमार्गातून येतात. त्या भरपूर दिसल्या की अनुभवी माणूस ओळखतो, की धार धुऊन काढलेल्या वाटेने आलेली नाही आणि पस सेल्ससुद्धा तिकडूनच आलेल्या असू शकतात. रिपोर्ट हातात आला की पस सेल्सच्या आकड्याबरोबर एपिथेलियल सेल्सचाही आकडा बघत जा. दोन्ही वाढलेले असतील तर घाबरण्याआधी नमुन्याबद्दल विचारा.

साखर चार प्लस वाचून घरात कल्लोळ झाला असणार. त्या डापाग्लिफ्लोझिनचं कामच मुळी रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकण्याचं आहे. ही गोळी चालू असताना लघवीच्या पट्टीवर साखर दिसतेच, रक्तातली साखर कितीही आटोक्यात असली तरी. एम्पाग्लिफ्लोझिन या त्याच गटातल्या गोळीचंही तेच. तेव्हा लघवीतली साखर बघून गोडधोड किती खाल्लं याचा हिशोब सासूबाईंकडे मागू नका. नियंत्रण कसं आहे ते रक्तातल्या साखरेवरून आणि एचबीए१सी या गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या रक्ततपासणीवरून ठरवायचं. ही गोळी घेणाऱ्या बायकांना त्या जागी बुरशीची लागण होऊन खाज सुटण्याचं प्रमाण जास्त असतं. त्यांना खाज असेल तर त्या आपणहून सांगणार नाहीत, तुम्हीच हळूच विचारा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

शिवाय ती बाटली मधाची. पट्टी ग्लुकोज शोधते आणि मधात ग्लुकोज असतंच, झाकणाच्या आट्यांत राहिलेला मध साबणाने धुऊनही निघेलच असं नाही. ब्लीचने धुतलेल्या बाटलीत साखर आणि रक्त खोटं दिसू शकतं, काही जंतुनाशक साबणांचे अंश राहिले तर प्रोटीन खोटं दिसतं. घरातली कोणतीही बाटली, कितीही उकळली तरी, या कामाची नाही. मेडिकलच्या दुकानात रुंद तोंडाची निर्जंतुक डबी अगदी थोडक्या पैशांत मिळते. एक जास्तीची आणून ठेवा.

आता नमुना कसा द्यायचा ते. सकाळची पहिली लघवी उत्तम, नाहीतर तीन-चार तास रोखून धरलेली. ‘लघवी यावी’ म्हणून तांब्याभर पाणी पाजून लगेच नमुना घेऊ नका, पातळ लघवीत सगळंच कमी दिसतं. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर भारतीय बैठकीच्या संडासात उकिडवं बसून एका हाताने साडी, एका हाताने डबी आणि तोल, हे त्यांना जमणार नाही. बहुतेक आज्यांचा नमुना तिथेच बिघडतो. कमोड असेल तर त्यावर, नाहीतर शेजारपाजारून कमोडची खुर्ची मागून आणा आणि साडी कमरेला नीट खोचून पाय फाकवून बसवा. तुम्ही साबणाने हात धुऊन हातमोजे घाला. ती जागा साध्या स्वच्छ पाण्याने पुढून मागे अशी धुवा, मागून पुढे कधीच नाही. डेटॉल, सॅव्हलॉन काही नको. त्याने कातडी जळते, आणि ते डबीत गेलं तर खरे जंतूही मरून रिपोर्ट खोटा चांगला येतो. स्वच्छ कापडाने टिपून घ्या. मग त्यांनी बोटांनी दोन्हीकडची कातडी बाजूला धरायची आणि लघवी सुरू करायची. पहिली धार तशीच जाऊ द्या. धार सुरू असतानाच डबी खाली धरा, २०-३० मिलिलिटर झाली की काढून घ्या, उरलेली लघवी पुन्हा कमोडमध्ये. धार मध्येच थांबवायची गरज नाही, पुष्कळ बायका त्या धास्तीनेच आखडतात. डबीची कड अंगाला किंवा कपड्याला लागू देऊ नका आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. नाव आणि वेळ डबीच्या अंगावर लिहा, झाकणावर नको, कारण लॅबमध्ये झाकणं निघतात आणि डबी बिननावाची राहते.

घरात आणखी कोणाला ही तपासणी करावी लागली तर थोडक्यात सांगून ठेवते. पाळी चालू असताना नमुना शक्यतो पुढे ढकलावा, आणि अगदीच गरज असेल तर फॉर्मवर तसं लिहावं. लघवीची नळी आणि पिशवी लावलेल्या रुग्णाचा नमुना पिशवीतून कधीही घेऊ नये, नळीवरच्या खास जागेतून नर्सने घ्यावा. तान्ह्या बाळाला चिकटवलेल्या पिशवीतला कल्चर रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर तेवढ्यावरून औषध सुरू न करता नमुना परत चांगल्या पद्धतीने घ्यायचा का, हे बालरोगतज्ज्ञांना विचारावं.

लॅबच्या खिडकीवरच्या त्या मुलाची भीती बाळगू नका. तो दिवसभर हेच हाताळतो, त्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही. तरी तोंडातून शब्द फुटत नसेल तर ‘आत मॅडम आहेत का? नमुना कसा घ्यायचा ते समजून घ्यायचंय’ एवढं म्हणा. बहुतेक लॅबमध्ये रक्त घ्यायला एखादी बाई असतेच. आणि त्यांना हेही विचारा, की नमुना किती वाजेपर्यंत आणला तर लगेच लावला जाईल. काही ठिकाणी नमुने गोळा करून मोठ्या शहरात पाठवतात. तसं असेल तर गाडी किती वाजता निघते आणि तोवर नमुना फ्रिजमध्ये ठेवतात का, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

एवढं सगळं सांगितलं, पण परत नमुना देण्याआधी डॉक्टरांना एक गोष्ट विचारा. सासूबाईंना जळजळ नाही, ताप नाही, ओटीपोटात दुखत नाही, मग कल्चर पुन्हा करायची गरज आहे का? वय झालेल्या बऱ्याच बायकांच्या, त्यातून मधुमेह असलेल्यांच्या लघवीत जंतू मुक्कामाला असतात आणि काही त्रास देत नाहीत. त्रास नसेल तर असे जंतू शोधू नयेत आणि सापडले तरी त्यांच्यासाठी अँटिबायोटिक देऊ नये, असंच आजचं वैद्यकीय मार्गदर्शन आहे, मधुमेह असला तरी. अपवाद मुख्यतः दोन. गरोदर बाई, कारण तिथे हे जंतू पुढे मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतात. आणि मूत्रमार्गावर दुर्बीण किंवा शस्त्रक्रिया होणार असलेला रुग्ण. उगाच घेतलेल्या अँटिबायोटिकने जुलाब होतात, बुरशी वाढते, आणि चिवट जंतू मागे उरतात. मग खरी गरज पडते तेव्हा गोळी चालत नाही. आपल्याकडे ही फार मोठी काळजीची गोष्ट झाली आहे, आणि अशा बिघडलेल्या नमुन्यांचाही तिला हातभार लागतो.

त्याऐवजी मधुमेहाच्या वार्षिक तपासणीत लघवीची जी तपासणी खरंच मोलाची आहे, ती त्यांची झाली आहे का ते बघा. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो असं तिचं नाव. साध्या पट्टीला मूत्रपिंडातून होणारी अल्ब्युमिन या प्रथिनाची सुरुवातीची गळती दिसत नाही, या तपासणीत दिसते. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ठीक. जास्त आलं तरी एका रिपोर्टवर ठरवत नाहीत, कारण ताप, संसर्ग, फार दगदग यांनीही ते तात्पुरतं वाढतं. पुढच्या काही महिन्यांत पुन्हा करून बघतात. तिलाही सकाळची पहिली लघवी चांगली. पत्रात हिचा उल्लेख नव्हता, म्हणून मुद्दाम लिहिलं.

गोळ्यांचं म्हणाल तर आज डॉक्टरांना फोन करा. सांगा, की लघवीचा त्रास आधीही नव्हता आणि आताही नाही, पहिला नमुना साडेचार तासांनी पोचला होता, आणि कल्चरचा नमुना गोळ्या सुरू झाल्यावर दिला होता. हे तिन्ही त्यांना ठाऊक नसेल, रिपोर्टवर ते कुठेच लिहिलेलं नसतं. उरलेले दोन दिवस घ्यायचे की थांबवायचं हा निर्णय त्यांचा. पुढे कधी कल्चर लागलंच तर नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीच्या आधी द्यायचा, आणि तसं जमलं नाही तर गोळीचं नाव आणि शेवटची कधी घेतली ते फॉर्मवर लिहायचं.

आणि उन्हाळी लागली म्हणून धने-जिऱ्याचं पाणी देऊन बघणं वेगळं. पण थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर पाठीत दुखायला लागलं, उलट्या झाल्या, त्या एकदम गुंगीत गेल्या किंवा असंबद्ध बोलायला लागल्या, तर नमुना नीट येतोय का याच्या विचारात घरी बसू नका. थेट दवाखान्यात न्या, नमुना तिथेच घेतील आणि औषधही लगेच सुरू करतील. लघवीतून लाल रक्त दिसलं तर दुखत नसलं, आपोआप थांबलं, तरी त्याच आठवड्यात दाखवा.